डाग आधी तपासा, गोळीचं नंतर ठरवू

प्रश्न: नमस्कार. माझं वय 58, राहणार नागपूर, त्रिमूर्तीनगर. पाळी पन्नासाव्या वर्षी गेली. त्यानंतर अंगातून अशा वाफा निघायच्या की रात्री दोन-दोनदा गाऊन बदलावा लागे. 51व्या वर्षी डॉक्टरांनी हार्मोन सुरू केले: एस्ट्राडायोल 2 मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी आणि प्रोजेस्टेरॉन 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री. सात वर्षं तेच चालू आहे. जुनी चिठ्ठी दाखवली की दुकानात मिळतं. कॅप्सूलने सकाळी डोकं जड राहतं म्हणून वर्षभरापासून ती आठवड्यातून दोन-तीनदाच घेते. बीपीची गोळी चालू आहे. वजन 76 किलो, उंची पाच फूट दोन इंच. मॅमोग्राफी चार वर्षांपूर्वी केली होती, नॉर्मल होती. माझ्या आईचं खुब्याचं हाड सत्तरीत मोडलं.

यंदा नणंदेला स्तनाचा कर्करोग निघाला, तेव्हापासून घरात सगळे "गोळ्या बंद कर" म्हणून मागे लागलेत. होळीच्या सुमारास एकदम बंद केल्या, तर आठ-दहा दिवसांत वाफा परत सुरू. कूलरसमोर बसूनही घाम थांबेना, म्हणून पुन्हा घेतल्या. अमेरिकेतली भाची म्हणते, तिकडे सरकारने धोक्याचा इशाराच काढून टाकला, खुशाल घे. मी चालू ठेवू की बंद करू? गेल्या दोन महिन्यांत दोनदा थोडा डाग गेला, पण तेव्हा घरात लग्नाची दगदग होती, त्यामुळे असेल.

उत्तर:

ताई, तुम्ही विचारलंत स्तनाच्या कर्करोगाबद्दल, पण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेवटची आहे. दगदगीने डाग जात नाही. पाळी जाऊन आठ वर्षं झालेल्या बाईला अंगावरून थोडंही गेलं, फिकट गुलाबी किंवा तपकिरी का असेना, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. गोळ्या चालू-बंद हा प्रश्न त्यानंतरचा.

भाची सांगते ते खरं आहे, पण अर्धं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध नियामक संस्थेने) नोव्हेंबर 2025मध्ये रजोनिवृत्तीच्या हार्मोन औषधांवरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचे ठळक चौकटीतले इशारे काढायचं जाहीर केलं. एक इशारा मात्र मुद्दाम ठेवला: गर्भपिशवी असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तुमची पिशवी शाबूत आहे, इस्ट्रोजेनची गोळी (म्हणजे तुमचं एस्ट्राडायोल) रोज पोटात जाते आणि कॅप्सूल आठवड्यातल्या चार-पाच रात्री राहून जाते. म्हणजे जो एक इशारा उरला, तो नेमका तुम्हाला लागू पडतो.

इस्ट्रोजेन पिशवीचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. ती कॅप्सूल वाफांसाठी नव्हतीच, पिशवीच्या राखणीसाठी होती. हे कुणी नीट समजावलं नाही, की बायका हमखास तीच गोळी गाळतात, कारण ती गाळल्याने त्या दिवशी काहीच बिघडत नाही. अस्तर मात्र महिनोन् महिने हळूहळू जाड होत राहतं.

घाबरून जाऊ नका. अशा डागामागे बहुतेक वेळा साधंच कारण निघतं: सुकलेलं पातळ अस्तर, लहानसा पॉलिप (अस्तरावरची मांसल वाढ), नाहीतर हार्मोनचा बिघडलेला ताळमेळ. पण यातलं कोणतं, हे अंदाजाने कळत नाही.

या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफी पोटावरून न करता योनिमार्गातून करायची. तिला लघवी रोखून पाणी पीत बसावं लागत नाही, उलट मूत्राशय रिकामं हवं. रिपोर्टमध्ये अस्तराची जाडी मिलिमीटरमध्ये लिहिली आहे ना, ते तिथेच बघून घ्या. दोन्ही हार्मोन रोज घेणाऱ्या बाईचं अस्तर 4 मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुधा काळजीचं कारण नसतं. त्याहून जाड असेल, किंवा पातळ असूनही डाग पुन्हा पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासावा लागतो. बारीक प्लास्टिकची नळी आत घालून हे ओपीडीतच काही मिनिटांत होतं. पाळीत दुखायचं तशी कळ येते आणि जाते. नळीने पुरेसा नमुना आला नाही किंवा पॉलिपची शंका आली, तर दुर्बिणीतून आत बघतात. नागपुरात यासाठी मोठ्या खासगी रुग्णालयातच गेलं पाहिजे असं नाही. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांच्या स्त्रीरोग विभागातही हे होतं.

तोवर एक चूक करू नका: राहिलेल्या कॅप्सूल भरून काढायच्या म्हणून त्या एकदम सलग घेऊ नका. त्याने अस्तर गळून रक्तस्राव होऊ शकतो, आणि मग डाग कशाचा होता हे ओळखणं अवघड होऊन बसतं. एस्ट्राडायोल चालू ठेवायचं की तपासणीपर्यंत थांबवायचं, हे अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर डॉक्टरांना विचारा. कॅप्सूल किती गाळल्या ते मात्र खरं सांगा. "रोज घेते" म्हणालात तर त्यांचा सगळा हिशेब चुकेल.

आता स्तनाचं. नणंदेचं दुखणं मनाला लागणं साहजिक आहे, पण ती तुमच्या रक्ताच्या नात्यातली नाही. तिच्या आजाराने तुमचा धोका तसूभरही वाढत नाही. (तुमच्या मुलांच्या दृष्टीने ती आत्या, तेव्हा मुलींनी पुढे आपल्या डॉक्टरांना ते सांगावं.) आई, बहीण, मावशी, स्वतःची आत्या किंवा आजी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजाशयाचा कर्करोग झाला असता, तर आम्ही वेगळं लिहिलं असतं.

हार्मोनची ही धास्ती 2002 सालची. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासात 16,608 स्त्रियांवर चाललेला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा (प्रोजेस्टिन म्हणजे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन) भाग त्या जुलैत मुदतीआधीच थांबवला गेला. "कर्करोग 26 टक्क्यांनी वाढला" अशा बातम्या जगभर छापून आल्या आणि असंख्य बायकांच्या गोळ्या रातोरात बंद झाल्या. तोच आकडा दुसऱ्या पद्धतीने मांडला तर असा होतो: गोळी न घेणाऱ्या दहा हजार जणींत वर्षाला 30 जणींना स्तनाचा कर्करोग, घेणाऱ्यांत 38. शिवाय त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे पाळी जाऊन बऱ्याच जणींना दहा-बारा वर्षं उलटलेली. औषधंही तुमची नव्हती. घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही कृत्रिम गोळी. गर्भपिशवी काढलेल्या ज्या स्त्रियांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं, त्यांच्यात स्तनाचा कर्करोग वाढला नाही, पुढच्या पाठपुराव्यात तो उलट कमीच दिसला.

एवढ्यावरून धोका नाहीच असं म्हणणं हे दुसरं टोक झालं. 2019मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या विश्लेषणात स्तनाचा कर्करोग झालेल्या एक लाखाहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतले, तर पन्नास ते एकोणसत्तर या वीस वर्षांत हजारातल्या 63ऐवजी 83 जणींना हा कर्करोग होतो, असा त्यांचा हिशेब. दहा वर्षं घेतले तर जादा धोका साधारण दुप्पट. गोळी बंद केल्यावर तो ओसरतो, पण पूर्ण जात नाही; जितकी जास्त वर्षं घेतली, तितका मागे रेंगाळतो. हे आकडे पाश्चात्त्य देशांतल्या प्रमाणावर बेतलेले आहेत. आपल्याकडे या कर्करोगाचं मूळ प्रमाण तिथल्यापेक्षा कमी असल्याने जादा रुग्णांचा आकडाही लहान निघेल, पण वाढ ती वाढच.

तेव्हा सात वर्षांनी हा प्रश्न विचारलात ते योग्यच केलंत. खरं तर तो दर वर्षी विचारायला हवा होता. जुन्या चिठ्ठीवर सात वर्षं औषध मिळत राहिलं, हीच या प्रकरणातली मोठी चूक, आणि ती एकट्या तुमची नाही.

चार वर्षांपूर्वीची मॅमोग्राफी आज उपयोगाची नाही. नवी करा, आणि जुनी फिल्म व रिपोर्ट बरोबर न्या, तुलनेला लागतात. दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांच्या स्तनाच्या ऊती मॅमोग्राफीत अधिक दाट दिसतात, त्यामुळे गोळ्या चालू असल्याचं तंत्रज्ञाला सांगा. गरज वाटली तर जोडीला सोनोग्राफी करतील. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट लावू नका, त्याचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे उमटतात. जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि तुकडोजी चौकातलं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करुग्णालय, दोन्हीकडे सोय आहे.

तुमच्या बाबतीत आम्हाला स्तनाइतकीच काळजी वाटते ती रक्ताच्या गुठळीची, आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोललेलं दिसत नाही. तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, तीसच्या थोडा वर जातो. लठ्ठपणाने पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका मुळातच वाढतो, आणि तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. 2002च्या त्याच अभ्यासात गोळी न घेणाऱ्या दहा हजार जणींमागे वर्षाला 16 जणींना गुठळी झाली, घेणाऱ्यांत 34 जणींना. पक्षाघाताचं प्रमाणही वाढलं होतं, आणि तुम्हाला बीपी आहे.

याचं कारण औषधाच्या वाटेत आहे. गिळलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते, आणि रक्त गोठवणारे घटक यकृतच बनवतं. इस्ट्रोजेनचा एवढा मोठा डोस एकदम आला की ते जास्त बनू लागतात. त्वचेतून दिलेलं इस्ट्रोजेन ही पहिली फेरी टाळून सरळ रक्तात मिसळतं. म्हणूनच फ्रान्स आणि ब्रिटनमधल्या अभ्यासांत त्वचेतून इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांत गुठळ्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा तपासण्या नीट आल्या आणि हार्मोन चालू ठेवायचे ठरले, तरी एस्ट्राडायोलची गोळी सोडून जेलवर जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोला, हा आमचा स्पष्ट सल्ला. स्तनाच्या बाबतीत मात्र जेलने धोका घटतो असं म्हणता येत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या 0.06 टक्के जेलच्या अडीच ग्रॅममध्ये 1.5 मिलिग्रॅम एस्ट्राडायोल असतं, आणि ते साधारण तुमच्या 2 मिलिग्रॅमच्या गोळीच्या जागी चालतं. सव्वा ग्रॅमवर भागत असेल तर तेवढंच बरं. अठ्ठावन्नाव्या वर्षी एकावन्नाव्या वर्षीचा डोस लागेलच असं नाही. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करून दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीवर पातळ पसरवायचं. चोळून जिरवायचं नाही, आणि स्तनांवर कधीच लावायचं नाही. वाळायला चार-पाच मिनिटं लागतात, तोवर वरून बाही येऊ देऊ नका. जेलमध्ये अल्कोहोल असतं, त्यामुळे ते वाळायच्या आत देवापाशी दिवा लावायला किंवा गॅसपाशी जाऊ नका. नंतर तासभर त्या जागी पाणी नको. हात साबणाने धुवा. नातवंडं अंगाखांद्यावर खेळत असतील तर ती जागा कपड्याखाली झाकलेली हवी. लहान मुलांच्या त्वचेतून हे हार्मोन शिरतं आणि मुलींची छाती अवेळी वाढल्याच्या नोंदी आहेत. मे महिन्यात घामाच्या धारा लागल्या असताना जेल लावलं तर ते नीट शोषलं जात नाही. अशा दिवसांत पहाटेची आंघोळ झाल्याबरोबर, पंख्याखाली, घाम यायच्या आधी लावा. ट्यूब गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका.

कॅप्सूलचा जडपणा कमी करता येतो. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, म्हणून ते रात्रीच दिलं जातं. पण साडेअकराला घेऊन पाचला उठलात तर ती गुंगी सकाळी डोक्यात राहणारच. साडेनऊला घ्या आणि दहाला दिवा मालवा. तरीही जमलं नाही तर पर्याय आहेत: तीच कॅप्सूल डॉक्टर योनिमार्गात ठेवायला सांगू शकतात, प्रोजेस्टेरॉनचंच काम करणाऱ्या डायड्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊ शकतात, किंवा पिशवीत लेव्होनॉरजेस्ट्रेलचं (हेही एक प्रोजेस्टिन) साधन, म्हणजे बायका ज्याला मिरेना म्हणतात ते, बसवू शकतात. ते अस्तराला पाच वर्षं राखतं आणि रोजची आठवण ठेवायची भानगड उरत नाही. तुमचा गोळी गाळण्याचा इतिहास पाहता आम्हाला हे शेवटचं जास्त पटतं. इस्ट्रोजेन चालू आणि हे सगळंच बंद, असा पर्याय मात्र तुम्हाला नाही.

आता मूळ प्रश्न, चालू की बंद? "पाच वर्षं झाली की थांबवायचंच" असा नियम आज तज्ज्ञ मानत नाहीत. त्रास आहे, फायदा दिसतो आहे आणि धोके दर वर्षी तपासले जात आहेत, तर पुढेही घेता येतं. पण मध्यम ते तीव्र वाफांचा त्रास सर्वसाधारणपणे सात-साडेसात वर्षं राहतो, असं स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून दिसलं आहे. तुमची आठ वर्षं झाली. म्हणजे औषध ज्यासाठी चालू आहे, तो त्रास कदाचित सरत आला असेल. हे कळायचा मार्ग एकच: डोस उतरवून बघायचा.

होळीला तुम्ही तो प्रयत्न केलात, पण दोन गोष्टी आड आल्या. एक तर 2 मिलिग्रॅमवरून एकदम शून्यावर. दुसरं, ऋतू. या वयात मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं झालेलं असतं, बाहेर थोडं तापलं तरी ते घामाचा नळ सोडतं. नागपुरात मार्चनंतर पारा चढत जातो आणि मेमध्ये 45च्या पुढेही जातो. तेव्हा कुठला घाम पाळीचा आणि कुठला उन्हाचा, हे कुणाला सांगता यावं? दिवाळी झाली की सुरुवात करा. डॉक्टरांच्या संमतीने डोस निम्म्यावर आणा आणि आठ ते बारा आठवडे तिथेच थांबा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वाफा थोड्या वाढतील, तेवढ्यावर निकाल लावू नका. झोप लागत असेल आणि दिवस निभत असेल तर पुढची पायरी. इस्ट्रोजेनचा शेवटचा डोस थांबेपर्यंत प्रोजेस्टेरॉनचं संरक्षण तसंच. हळूहळू बंद केल्याने वाफा कायमच्या टळतात असा पुरावा नाही, आणि थांबवणाऱ्या जवळपास निम्म्या जणींना त्या काही प्रमाणात परत जाणवतात. पण हळू उतरलं की मधल्या एखाद्या पायरीवर थांबता येतं, आणि पुष्कळ जणींना कमी डोस पुरतो, हे तेव्हाच लक्षात येतं.

या काळात रात्रीचं सावजी जेवण आणि संध्याकाळनंतरचा चहा सोडून बघा. वजन पाच-सहा किलो उतरलं तर वाफा, बीपी, गुठळी आणि स्तन, चारही बाजूंनी फायदा आहे. हार्मोन नकोच असं ठरलं तर व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत, किंवा रात्री गॅबापेंटिन, यांनीही वाफा कमी होतात. व्हेन्लाफॅक्सिनने बीपी वाढू शकतं, तेव्हा तुमच्या बाबतीत ते मोजत राहावं लागेल. "नैसर्गिक हार्मोन" म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांत नेमकं काय आणि किती आहे हे कळत नसेल, तर डाग जात असताना ते मुळीच घेऊ नका.

आईचा खुबा मोडला होता, ही गोष्ट बंद करण्याच्या विरुद्ध बाजूला जाते. इस्ट्रोजेन हाडं राखतं, पण घेत असेपर्यंतच; थांबवलं की काही वर्षांत तो फायदा ओसरतो. म्हणून डोस उतरवायच्या आधी खुब्याचा आणि कण्याचा डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करा. त्यातला टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याखाली असेल तर हाडांसाठी वेगळं औषध लागेल, उदाहरणार्थ आठवड्यातून एकदा अ‍ॅलेन्ड्रोनेट 70 मिलिग्रॅम. ते सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायचं आणि पुढे अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका जळते. नुसत्या हाडांसाठी हार्मोन वर्षानुवर्षं ओढत नेण्यापेक्षा तुमच्या वयात हे जास्त सरळ.

गोळ्या सुटल्यावर योनीचा कोरडेपणा किंवा वारंवार लघवीची जळजळ सुरू झाली, तर घाबरून पुन्हा गोळ्यांवर जाऊ नका. त्यासाठी योनीत लावायचं एस्ट्रिऑलचं (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) मलम मिळतं: दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. ते रक्तात नगण्य प्रमाणात उतरतं आणि त्याला प्रोजेस्टेरॉनची जोड लागत नाही.

हार्मोन चालू असेपर्यंत घरातल्यांनाही हे सांगून ठेवा: एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं, चेहरा वाकडा झाला, बोलताना शब्द अडखळले किंवा एका बाजूची शक्ती गेली, तर सकाळची वाट बघायची नाही, तडक कॅज्युअल्टी गाठायची आणि तिथे हार्मोनच्या गोळीचं नाव सांगायचं. गुडघ्याचं किंवा दुसरं मोठं ऑपरेशन ठरलं, तर सर्जनला हे निदान महिनाभर आधी कळायला हवं.